न कापलेला ओटा

म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या आमच्या रस्त्यावर कुणाकडे नवी शेगडी यायची असली, की माणसं दुकानात जाण्याआधी नागोजीरावांकडे जात. काचेची घ्यावी की स्टीलची, ओट्यावर ठेवायची की ओट्यात बसवायची, गॅस बरा की विजेचं इंडक्शन, या विषयावर ते इतक्या गोडीनं बोलत की पाच मिनिटांसाठी आलेला माणूस कॉफी पिऊन उठे. त्यांच्या स्वतःच्या भाड्याच्या घरात मात्र दोन बर्नरची जुनी शेगडी होती, आणि तिचा एक बर्नर फडफड करून विझत असे. शहराच्या कडेला, हूटगळ्ळीला, त्यांनी स्वतःचं घर बांधलं होतं. रंग झाला होता, नळ बसले होते, दारावर नावाची पाटीही लागली होती. फक्त स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा सपाट, न कापलेला पडून होता, कारण त्यात कुठला हॉब, म्हणजे ओट्यात बसणारी शेगडी, बसवायचा ते ठरत नव्हतं. रस्त्यावरचे लोक यावरून त्यांची थट्टा करत. तेही हसत.

शेवटी ते पुण्याला मुलीकडे, सुमाकडे, राहायला गेले होते. मार्गशीर्षात तिचा फोन आला की अप्पा गेले. तेव्हापासून त्यांच्याविषयी लिहायचं मनात आहे. पण लिहायला बसलं की आधी त्यांचा आवाजच ऐकू येतो आणि हात थांबतो.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो भांड्यांच्या दुकानात, पाठमोरा उभा असताना. मी मूळचा सांगलीकडचा. इथल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून म्हैसूरला आलो आणि निवृत्त झाल्यावरही इथंच राहिलो. एकटा माणूस. खाणावळीचा कंटाळा आला म्हणून एका बर्नरची शेगडी घ्यायला गेलो होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "सार, ते घेऊ नका. त्याचे पाय डुगडुगतात."

मी वळलो. किडकिडीत अंग, उन्हातही मनगटापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा सदरा, खिशात लोखंडी मोजपट्टी. मी विचारलं, मी मराठी आहे हे तुम्हाला कसं कळलं?

"तुम्ही नोटा मोजत होता, अल्वा, नाही का? तोंडातल्या तोंडात, पण मला ऐकू आलं. माणूस मोजतो ते आपल्या घरच्या भाषेत. मी सुम्ने, उगाच, ऐकत होतो."

ते भावसार होते. घराणं कित्येक पिढ्यांपासून म्हैसुरात. आजोबांपर्यंत कापड रंगवायचा धंदा, मग एकेक जण नोकरीला लागला. नागोजीरावांनी इथल्याच हेब्बाळच्या एका कारखान्यात सामानाच्या कोठारावर नोकरी केली होती. त्यांचं मराठी घरात जपलेलं होतं आणि बाहेरच्या हवेनं बदललेलं. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मधेच 'साकु', म्हणजे पुरे, म्हणून आटपायचं आणि उरलेलं हातवाऱ्यांनी पुरं व्हायचं. रंगाऱ्याचं घर म्हणून की काय, शेगडीची ज्योत पाहताना ते उष्णतेआधी रंग पाहत. "ही आकाशी आहे, चालेल. ती बघा, टोकाला पिवळी मारते. हवा कमी पडते तिला." दुकानदार त्यांना पाहिल्याबरोबर प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवायचा. "बन्नी रायरे, बन्नी. आज काय बघायचं?" बन्नी म्हणजे या, रायरे म्हणजे आपले रावसाहेब. रायरे बसायचे, एखादं नवं मॉडेल उघडून घ्यायचे, त्याच्या खालचा पत्रा बोटानं वाजवून पाहायचे, आलेल्या गिऱ्हाइकाला चार गोष्टी सांगायचे आणि काही न घेता घरी यायचे. दर शनिवारी.

पँटच्या खिशात त्यांच्याकडे दोऱ्याला बांधलेलं एक लोहचुंबक असे. इंडक्शनवर कुठलं भांडं चालतं ते पाहायला. ज्याच्या घरी जात त्याच्या मांडणीवरच्या भांड्यांना ते नकळत चुंबक लावून पाहत. एकदा त्यांच्या समाजाच्या विठ्ठल मंदिरात बैठक होती. मुदपाकखान्यातला धूर आणि सिलिंडरची ने-आण वाचावी म्हणून मोठं इंडक्शन घ्यावं असं तरुण मंडळींचं म्हणणं होतं. नागोजीरावांना तपासणीला बोलावलं. मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. ते एकेका पातेल्यापाशी वाकत, चुंबक लावत, आणि चुंबक प्रत्येक वेळी निसटून दोऱ्याला लोंबकळे. सगळी पितळेची आणि तांब्याची, देणाऱ्यांची नावं कोरलेली. तिथल्या स्वयंपाकावर राज्य करणाऱ्या सरसाक्का, नागोजीरावांहून दहाएक वर्षांनी मोठ्या, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"अरे नागोजी, भांड्यांची दृष्ट काढतोस काय रे?"

"अक्का, चुंबक आहे हे. चिकटलं तर चालतं, नाही चिकटलं तर नाही."

"म्हणजे माझ्या आजीच्या नावाचं पातेलं चालत नाही म्हणतोस?"

"मी नाही म्हणत. चुंबक म्हणतं."

"मग उद्या पारण्याला त्यालाच वाढते. तू घरी जेव."

सगळे हसले. इंडक्शनचा विषय तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी द्वादशीच्या पंगतीत सरसाक्कांनी त्यांच्या पानात दोनदा खीर वाढली आणि दुसऱ्यांदा वाढताना म्हणाल्या, "शांता असती तर तिनंच तुला गप्प केलं असतं."

शांता म्हणजे शांताबाई, त्यांच्या पत्नी. मी त्यांना ओळखत होतो ते वर्षभरच. आवाज मोठा, अंगानं स्थूल, आणि कुणी आलं की आधी गॅस पेटवून मग 'या' म्हणणाऱ्या. घराच्या बांधकामावर रोज दुपारी दोघं बसनं जात. ओट्याचा दगड बसवला त्या आठवड्यात मला घर दाखवायला त्यांनी नेलं होतं. स्वयंपाकघरात अजून खिडकीला काचा नव्हत्या. शांताबाई नुसत्या दगडासमोर उभ्या राहिल्या आणि हवेतच स्वयंपाक करून दाखवू लागल्या. इथं भात, इथं सारू, इथं तवा. डावा हात मागे नेऊन म्हणाल्या, "आणि इथं मागच्यावर कॉफी. आलेल्या माणसाला थांबायला नको."

"चार?" नागोजीराव म्हणाले. "दोघांना चार कशाला गे? दोन साकु."

"माणसं येतील की हो."

"कोण येतात? सुमा पुण्याला. वर्षात एकदा येते, ती पण नवऱ्याची रजा बघून. तुझी बहीण येते ती गुडघे धरून बसते. कोण येतात, सांग."

"येतील."

"नावं सांग की."

शांताबाईंनी हात खाली घेतले. दगड कापणारा माणूस दारात उभा होता. हॉब ओट्यात बसवायचा तर त्याच्या मापाचं भोक आधी पाडावं लागतं, आणि एकदा दगड कापला की माप बदलता येत नाही. त्यानं विचारलं, काय कापू? शांताबाई त्याला कन्नडमध्ये म्हणाल्या, आज जा, आमचं ठरलं नाही. मग नवऱ्याकडे न पाहता मराठीत म्हणाल्या, "दोनाचं पाडायचं असेल तर पाडूच नका." परत येताना बसमध्ये त्या बायकांच्या बाजूला बसल्या, आम्ही दोघं मागे. नागोजीराव मला हळूच म्हणाले, "राग दोन दिवस असतो, सार. मग आम्ही ठरवतो."

ते दोन दिवस झालेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाई अंघोळ करून बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या आणि पुन्हा बोलल्या नाहीत. इस्पितळातून त्यांना घरी आणलं ते झाकून.

त्यानंतर नागोजीरावांचं शनिवारचं दुकानात जाणं सुरू झालं. माझी त्यांची जी मैत्री झाली तीही त्यानंतरचीच. संध्याकाळी ते माझ्याकडे येत. हातात कुठल्या तरी कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक. "सार, हे जरा वाचा." त्यांना इंग्रजी चांगलं येत होतं, कोठारावर सगळे व्यवहार इंग्रजीतच होते. तरी मी मोठ्यानं वाचावं आणि त्यांनी डोळे मिटून ऐकावं अशी ती पद्धत पडली. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होणे. काच तापल्यावर लाल दिवा लागणे. भांडं उचलल्यावर इंडक्शन थांबणे. मी सगळं आयुष्य पुस्तकांत काढलं, पण मोठ्यानं वाचून दाखवा असं मला कुणी सांगितलं ते फक्त नागोजीरावांनी, आणि तेही शेगडीचं माहितीपत्रक. वाचून झालं की ते 'हं' म्हणत. थोडा वेळ बसत. त्यांच्या घरात त्या वेळी अंधार असे हे मला खिडकीतून दिसे, म्हणून मी दुसरं माहितीपत्रक सापडतं का ते बघत असे.

त्यांच्याकडे सल्ला मागायला येणाऱ्यांना ते आधी एकच गोष्ट विचारत. घरात किती माणसं आहेत ते नाही. घरी किती माणसं येतात ते. लोकांना वाटे, ही त्यांची हिशेबाची रीत असेल.

त्यांचा एक सल्ला मात्र फसला. समोरच्या प्रभाकरनी घर बांधलं, घरात लहान मुलं, म्हणून नागोजीरावांनी त्यांना इंडक्शन सांगितलं. ज्वाला नाही, भाजणं नाही. वास्तूच्या दिवशी सगळं यथासांग झालं. इकडे रीत अशी की नव्या चुलीवर पहिल्यांदा दूध ठेवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं. प्रभाकरच्या बायकोनं, गीतानं, नव्या पातेल्यात दूध ठेवलं. भटजी मंत्र म्हणू लागले. सगळे वाकून पाहतायत. दूध वर आलं, काठावर फुगलं, पहिला ओघळ खाली काचेवर आला आणि यंत्रानं 'टी टी टी' असा आवाज करून स्वतःला बंद केलं. दूध सर्रकन खाली बसलं.

"काय झालं? काय झालं?" प्रभाकरची आई.

गीतानं काच पुसली, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दूध वर आलं, पुन्हा ओघळ, पुन्हा 'टी टी टी'.

भटजी मंत्र थांबवून म्हणाले, "रायरे, हे तुम्हीच सांगितलं होतं ना?"

नागोजीराव पुढे आले. कपाळाला घाम. "त्याला सुरक्षितता आहे, स्वामी. काही सांडलं की ते बंद होतं. उतू जाणं म्हणजे काहीतरी चुकलं असं त्याला वाटतं."

"त्याला सांगा, आज चुकू दे."

हसण्याचा स्फोट झाला. शेवटी शेजारून गॅसची शेगडी आली, दूध व्यवस्थित उतू गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गीता तर म्हणाली, "आमच्या घरी दूध तीनदा वर आलं, कुणाकडे येतं?" कुणालाही राग नव्हता. पण नागोजीराव जेवायला न थांबता निघाले. मी मागोमाग गेलो. ते फाटकाशी उभे होते.

"सार, इतकी माहितीपत्रकं ऐकली. हे एक सुचलं नाही. शांताला सुचलं असतं. ती म्हणाली असती, अहो, दूध कसं उतवणार?"

मग फाटकाची कडी लावत म्हणाले, "तिकडे आमच्या घरात दूध कोण ठेवणार, हे पण मला सुचत नाही."

सुमा वर्षातून एकदा यायची ती आता दोनदा येऊ लागली. सरळ मुलगी, पुण्यात राहून तिचं मराठी पुण्याचं झालेलं. ती म्हणे, "अप्पा, रिकामं घर खराब होतं. तुम्ही तिथं राहायला जा, नाहीतर भाड्यानं द्या, नाहीतर माझ्याबरोबर पुण्याला चला. तिन्हीपैकी काहीतरी एक."

"हॉब ठरू दे."

"अप्पा, माणसं हॉबशिवाय राहतात."

"ओटा रिकामा ठेवून कसं जायचं?"

एका फेरीत तिनं ठरवूनच टाकलं. आम्हा दोघांना दुकानात घेऊन गेली, दुकानदाराला सगळे हॉब मांडायला सांगितले आणि बापाला म्हणाली, "बोट ठेवा. जो म्हणाल तो आत्ता घेते." दोन बर्नरचे, तिनाचे, चाराचे, काळी काच, स्टील. नागोजीराव प्रत्येकापाशी थांबले. दोनाच्या काचेवर हात ठेवला, काढला. चाराच्या मागच्या बर्नरपर्यंत हात नेला, तोही काढला. मग दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. दुकानदारानं स्टूल पुढे केलं होतं ते तसंच राहिलं.

"काका, तुम्ही तरी सांगा ना त्यांना," सुमा मला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "दोनाचा घ्या नाहीतर चाराचा. एवढं काय आहे त्यात?"

ते मला त्याच संध्याकाळी कळलं. त्या दिवशी त्यांच्या हातात माहितीपत्रक नव्हतं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दोनाचं पाडलं तर तिचं शेवटचं बोलणं मोडलं. चाराचं पाडलं तर रोज सकाळी तीन बर्नर माझ्याकडे बघणार. कोण येतात म्हणून मी विचारलं होतं ना तिला? आता मीच सांगायला पाहिजे, कोण येतात." मग हसायचा प्रयत्न करून, "तुम्ही येता म्हणा. पण तुम्हाला एका बर्नरची कॉफी पुरते."

दगड तसाच राहिला. महिन्यातून एकदा आम्ही हूटगळ्ळीला जाऊन ओटा पुसून येत असू. ते पुसत, मी खिडक्या उघडत असे. आजूबाजूला घरं उभी राहत होती, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. या एका स्वयंपाकघरात मात्र ओल्या फडक्याचा वास तेवढा होता.

अशाच एका फेरीत फाटकाशी एक मुलगी उभी दिसली. मेघना नाव. नागपूरची, हेब्बाळच्या एका कंपनीत नोकरी, नवीनच लग्न झालेलं. नवरा मागे मोटारसायकल लावत होता. दारावरची पाटी वाचून तिनं मराठीतच विचारलं, "काका, हे घर भाड्यानं द्यायचं आहे का?"

नागोजीराव नाही म्हणणार होते. मला त्यांचा तो चेहरा माहीत होता. पण ती बोलत बोलत आत आली, सगळ्या खोल्या सोडून थेट स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावर दोन्ही तळवे ठेवून म्हणाली, "बापरे, केवढा मोठा! पण ह्यात हॉब नाही बसवला तुम्ही?"

"ठरायचं आहे."

"कुठला बसवणार?"

नागोजीरावांनी सवयीनं विचारलं, "तुमच्या घरी किती माणसं येतात?"

"सगळेच येतात काका!" ती हसली. "माझी आई येऊन महिनाभर राहते. ह्याची बहीण, तिची पोरं. ऑफिसातले तर दर रविवारी. परवा अकरा जण होते, मी पोहे तीन वेळा केले. एवढीशी शेगडी आहे ना आमच्याकडे, एकदाच सगळ्यांना गरम मिळतच नाही."

"कॉफी?"

"चहा, काका. आम्ही नागपूरचे. चहा तर सारखा चालू असतो. चहा होईपर्यंत सगळं जेवण थांबतं."

नागोजीराव खिडकीपाशी गेले. मेघनाला काय झालं ते कळेना. ती माझ्याकडे पाहू लागली. मग त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, ओट्यावर आडवी उघडली आणि म्हणाले, "चार. मागचा डावीकडचा छोटा घेऊ. त्यावर चहा ठेवा. आलेल्या माणसाला थांबायला नको."

त्या रात्री त्यांनी सुमाला फोन करून घर भाड्यानं दिल्याचं सांगितलं. आपण तिथं राहायला जाणार नाही, असं निराळं काही सांगितलं नाही.

काचेचा चार बर्नरचा हॉब आला. दगड कापायला तोच पूर्वीचा माणूस आला; त्याला काही आठवत नसावं. नागोजीरावांनी खडूनं रेघा स्वतः मारल्या, पुन्हा मोजल्या, पुन्हा मारल्या. मशीन सुरू झालं तसा आवाजानं सगळं घर भरलं. एक जण पाणी ओतत होता, राखाडी गाळ ओट्यावरून खाली वाहत होता. मेघना कानांवर हात ठेवून दारात उभी होती. नागोजीराव मात्र अगदी जवळ, सदऱ्याच्या पूर्ण बाह्या ओल्या होईपर्यंत. शेवटची बाजू सुटताना कापणाऱ्यानं ओरडून सांगितलं तसा त्यांनी खालून हात लावला, आणि दोघांनी मिळून दगडाचा तो चौकोन वर उचलून भिंतीला टेकवला. ओट्यात काळं मोकळं भोक उरलं. हॉब त्यात बरोबर बसला.

मेघनानं तिथल्या तिथं चारही बर्नर पेटवले. नागोजीरावांनी वाकून चारी ज्योती पाहिल्या. "चांगल्या आहेत," म्हणाले. चहाला मात्र थांबले नाहीत.

मी किल्ल्या द्यायला आणि चहाला मागे राहिलो. बाहेर आलो तेव्हा ते रिक्षात चढत होते आणि तो कापलेला दगड रिक्षावाल्याच्या मदतीनं आत घेत होते. चांगलाच जड. कापणारा म्हणाला, टाकून द्या, मी नेतो. त्यांनी मान हलवली. रिक्षावाल्यानं कन्नडमध्ये विचारलं, "रायरे, हा कसला दगड?"

"मनेदु," ते म्हणाले. घरचा.

त्यांनी तो मांडीवर आडवा घेतला, ओली बाजू सदऱ्याला लागली तरी दोन्ही हातांनी धरून ठेवला. मी हात केला, पण त्यांचे हात मोकळे नव्हते, त्यांनी नुसती मान हलवली. रिक्षा निघाली. हूटगळ्ळीचा तो रस्ता तेव्हा पाइपसाठी खणलेला होता. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात चाक उतरलं, रिक्षा कलली, आणि दगडाला धक्का बसू नये म्हणून नागोजीरावांनी तो मांडीवरून थोडा वर उचलून धरला.